पुढच्या उधाणाला

बोटवाल्या काकू कुठल्याही नव्या घरात शिरल्या की आधी ते घर वाजवून बघत. गोडादऱ्यातल्या आमच्या घराची वरची खोली बघायला आल्या, तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही की नळाला पाणी कधी येतं हेही विचारलं नाही. पिशवीतून लाकडी मुठीची छोटी हातोडी काढली आणि दाराच्या चौकटीवर, खिडकीवर, माझ्या लग्नातल्या कपाटावर टकटक करत फिरल्या. कपाटापाशी थांबून कान लावला आणि म्हणाल्या, "ह्या आतून गेलेला आसा गो." मला रागच आला. भाड्याने राहायला आलेल्या बाईने घरमालकिणीच्या कपाटाला नावं ठेवायची म्हणजे काय! पावसाळ्यात कपाटाचा तळ भुगा होऊन साड्यांसकट खाली आला, तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही, पण त्यांना आवाज ऐकू गेलाच.

काका-काकू देवगडकडचे. काकांनी सगळा जन्म मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढला आणि निवृत्त झाल्यावर गावी घर बांधायचं सोडून एक जुनी लाकडी शिडाची बोट घेतली. मग दोघं त्या बोटीवरच राहू लागले. थंडी-उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायचं आणि पावसाळ्यात एखाद्या खाडीत नांगर टाकून पडायचं. त्या वर्षी दिवाळीनंतर दीवला जाताना बोटीत पाणी यायला लागलं, म्हणून ते तापीत शिरले आणि मगदल्ल्याला एका मिस्त्रीच्या आवारात बोट काठावर ओढून घेतली. तळाच्या फळ्या बदलून होईपर्यंत डोकं टेकायला खोली हवी होती. नदीकडे खोल्या होत्या, पण मासे शिजणार म्हटल्यावर घरमालक हात जोडायचे. आमच्याकडे सुकट शिजते ही बातमी त्यांना कुणी दिली कोण जाणे. माझ्या सासूबाई अस्सल खानदेशी. हे दोघं पाण्यावर राहतात हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "पानीमा कोनी घर करस का वो माय?" गल्लीने त्याच दिवशी 'बोटवाल्या काकू' हे नाव ठेवून टाकलं.

काकूंना जमिनीवर राहायची सवयच उरली नव्हती. कुठलीही वस्तू त्या ओट्याच्या कडेला ठेवत नसत. डब्यांना झाकण असून वर दोरीही असे. अर्ध्या बादलीत अंघोळ आणि उरलेल्या पाण्यात कपडे, हे पाहून सासूबाई त्यांच्यावर फिदा झाल्या आणि उठताबसता मला त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या. पहिले काही दिवस काकूंचे डोळे तारवटलेले असत. विचारलं तर म्हणाल्या, "ह्या घर हालतच नाय गो. झोप कशी येतली?" मी शाळेत शिकवते म्हणून मला 'मास्तरीणबाई' म्हणायच्या, आणि त्यात आदर किती नि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकांचा सगळा जीव उधाणात. त्या काठावर पाणी एरवी बोटीपर्यंत पोचतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची मोठी भरती येते, तेव्हाच बोट तरंगू शकते. ते उधाण चुकलं की पुढचा पंधरवडा बोट काठावर. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सासूबाई चतुर्थी बघायच्या आणि काका उधाण बघायचे. "आता पुढच्या उधाणाला निघतो बघा," असं म्हणून ते चहाचा कप खाली ठेवत. सुरुवातीची उधाणं खरोखरच कामात गेली. एक फळी काढावी तर शेजारची कुजलेली निघे.

पौषात काका आमच्या जिन्यावर छातीला हात लावून खाली बसले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हृदय थकलंय, दवाखान्यापासून लांब जायचं नाही आणि समुद्राचं तर नावच काढायचं नाही. काका हसले. म्हणाले, "इंजिन अर्ध्या ताकदीवर चालतंय, बंद थोडंच पडलंय?" घरी आल्यावर पुन्हा कॅलेंडर बघायला लागले. मगदल्ल्याच्या धुळीत मात्र काकूंनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्या एकट्याच बसने जायच्या आणि संध्याकाळी येऊन जिन्यातूनच सांगायच्या, "आणखी एक गेलेली गावली." काका मान हलवत. "बरां. मग पुढच्या उधाणाक."

एका रविवारी मी काकूंबरोबर गेले. काठावरच्या चिखलात लाकडी टेकूंवर बोट उभी होती. पाण्यावर ती केवढी दिसत असेल ठाऊक नाही, इथे मात्र उघडीवाघडी आणि अवघडलेली वाटत होती. काकूंनी आधी तिच्या अंगावर घातलेली गोणपाटं बादल्या ओतून भिजवली. लाकूड फार दिवस कोरडं राहिलं तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, म्हणून त्या रोज हे करत. मग हातोडी घेऊन एका फळीवर खूण केली. मिस्त्री, म्हातारा भला माणूस, चांगली फळी काढायला मन होईना म्हणून कळवळून म्हणाला, "बेन, आ पाटियुं तो सारुं छे. एने शुं काम काढवुं?" काकूंनी फळी वाजवली. टणटणीत आवाज आला. मला लाकडातलं काही कळत नाही, पण चांगलं भांडं आणि चिरलेलं भांडं आवाजावरून कुणालाही कळतं. काकू म्हणाल्या, "निकालो. खराब है." मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, निःश्वास टाकला आणि पहार उचलली.

परतीच्या बसमध्ये मी काही विचारायच्या आधीच त्या बोलल्या. "काय करू गो? थय दर्यात ह्यांका काय झाला तर दवाखानो खय आसा? पावसाळो लागासर अशीच ढकलतंय. मगे दर्योच बंद." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती बोट माका पोरासारखी आसा. तिच्या अंगाक पहार लावताना बघवत नाय." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि इतक्या धीराने तर नक्कीच केलं नसतं.

चैत्रात काकू तापाने अंथरुणाला खिळल्या. ती संधी साधून काका हातोडी घेऊन रिक्षाने मगदल्ल्याला गेले. दुपारी परतले तेव्हा मी काकूंना पेज भरवत होते. काका दारातच उभे राहिले.

"इंदू, नवीन फळी घातलास ती बघितलंय. जुनी थयच पडलेली आसा. तीपण वाजवून बघितलंय."

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चांगली आसा ती," काका म्हणाले.

"आसा."

"मगे?"

"मगे काय? हयसर दवाखानो आसा."

उठून जावं तर वाटी माझ्या हातात, आणि जिन्याच्या दारात काका. मग काकांनी हातोडी खिडकीत ठेवली, काकूंच्या पायाशी बसले आणि मला म्हणाले, "पेज उरली आसा काय माका?"

समुद्र खवळायला अजून अवकाश होता. मधे दोन-तीन चांगली उधाणं होती आणि बोट जायला तयार होती, हे आता सगळ्यांनाच ठाऊक होतं. काका गेले नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या कारखान्यातल्या लूमची खडखड ऐकत बसून राहत. कॅलेंडरकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही, आणि त्यांचं जेवण दिवसेंदिवस कमी होत गेलं. एकदा मी चहा द्यायला गेले तेव्हा आपणहून म्हणाले, "जल्मभर मी निघालंय आणि इंदू दारात उभां ऱ्हवलां. एकदा तेचा ऐकलंय तर काय बिघाडला?"

आषाढात ते गेले. ज्या दवाखान्यासाठी काकूंनी एवढं केलं, त्याच दवाखान्यात, डॉक्टर उशाशी असताना गेले. कुणाला काही करता आलं नाही. सासूबाई दिवसभर काकूंचा हात धरून बसल्या, "रडी ले माय, रडी ले," म्हणत राहिल्या. काकू रडल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी बोटीकडे जाणं सोडलं. गोणपाटं भिजवायला मीच मिस्त्रीला फोन करून सांगायची.

नंतर एका संध्याकाळी त्या खाली आल्या आणि माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तू शिकलेली आसस. मी ह्यांका वाचवलंय, काय ह्यांचो दर्यो काढून घेतलंय? एवढा माका सांग." या खेपेला 'मास्तरीणबाई'त चेष्टा नव्हती. मी काका गॅलरीत काय बोलले होते ते सांगितलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "असां म्हणाले?" एवढंच विचारलं, आणि तिथेच, गॅससमोर, इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. अजूनही कधी भाकरी थापताना तो प्रश्न आठवतो आणि हात थांबतो.

नारळी पौर्णिमेनंतर काकूंनी बोट दीवच्या एका जोडप्याला देऊन टाकली. दोघंही साठीचे, हौशी, स्वभावाने गोड. त्यांनीच आग्रह केला म्हणून काकू बोट पाण्यात घालायला आल्या. मीही सुट्टी टाकून गेले. भर दुपारी उधाणाचं गढूळ पाणी चढत चढत टेकूंपर्यंत आलं, बोट जराशी हलली आणि आपोआप सरळ झाली. सांध्यांतून थेंबही आत आला नाही. मिस्त्रीने काकूंकडे बघून मान डोलावली. नवी मालकीण वरून हात पुढे करून म्हणाली, "माजी, उपर आइए ना. नदी के मुंह तक साथ चलिए."

काकूंनी चपला काढल्या. फळीवर एक पाऊल ठेवलं. बोटीच्या त्या रिकाम्या मागच्या भागाकडे, जिथे सुकाणू धरून काका बसत असावेत, तिकडे त्या बघत राहिल्या. मग पाऊल मागे घेतलं, चपला पुन्हा पायात घातल्या आणि मला हळूच म्हणाल्या,

"नको गो. 'एवढो उशीर कित्याक केलंस' म्हणान हे ओरडतले."