तिरक्या टाक्याची वाकळ

आमच्या गावच्या बायका वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतात तेव्हा टाका तिरका घालतात. ओळ सरळ जाते, पण ओळीतला प्रत्येक टाका वाऱ्यानं कललेल्या भातासारखा एका अंगाला झुकलेला असतो. बेळगावात प्रदर्शन लागलं की लोक वाकळ उलटी-सुलटी करून तोच टाका बघतात. गेल्या वर्षी निपाणीकडची एक सून वाकळा शिवणाऱ्या बायकांच्या गटात आली. तिनं माहेरी शिकलेला सरळ टाका घातला, तर दोघींनी तिची सगळी ओळ उसवून दोरा तिच्या हातात दिला. "ह्यो आमचा न्हवं," म्हणाल्या.

हा टाका जुना नाही. कुणाच्या आजीनं शिकवलेला नाही. माझ्या बायकोचा उजवा हात मी मोडला, त्यानंतर तो आला. ज्या बायकांना हे ठाऊक होतं त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत. बाकी गावाला 'हातावर पाटा पडला' एवढंच माहीत आहे. पाटा पडला नव्हता.

येळ्ळूरच्या बाजूला आमचं गाव. थोडी शेती होती आणि मी शहरात फौंड्रीत कामाला जात होतो. दुपारची कामं उरकली की आमच्या आळीतल्या बायका समाजमंदिराच्या सोप्यात जमायच्या. मधे वाकळ पसरायची, चारी बाजूंनी बसायचं आणि कडेपासून आत आत शिवत जायचं. आज हिच्या घरची वाकळ, ती संपली की तिच्या घरची. पाच-सहा जणी शिवत असल्या तरी वाकळ एका हातची दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पुढं त्याचा बचत गट झाला, वाकळा विकायला लागल्या. तेव्हा तसं काही नव्हतं.

बायको तिथं हसायची. तिचं हसू मला रस्त्यावर ऐकू यायचं. घरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं आणि त्याचं कारण मी आहे हे मला कळत होतं. त्याचाच मला जास्त राग यायचा. पट्टा, चप्पल, हाताला येईल ते घेऊन मी तिला मारत असे. मारून झालं की ती केस बांधायची आणि चुलीपुढं बसायची. मार खाताना ती ओरडत नसे. मला वाटायचं, ही मुद्दाम ओरडत नाही, म्हणून मी आणखी मारायचो.

तरुणपणी मी मराठीच्या आंदोलनात होतो. एका मोर्च्यात दगड उडाले, मग लाठ्या चालल्या. माझं डोकं फुटलं आणि अंगातला पांढरा सदरा छातीपर्यंत रक्तानं भिजला. तो सदरा मी कुणाला धुऊ दिला नाही. ट्रंकेत ठेवला होता. पाहुणे आले की काढायचा, उलगडून दाखवायचा. रक्त काळं पडून कापड पत्र्यासारखं कडक झालं होतं. त्या दिवशी दगड मीही मारले होते. त्यातला एक एका म्हाताऱ्या फळवाल्याच्या तोंडावर बसला. तो गाड्यावर आडवा पडला तेव्हा त्याचं तोंड मी पाहिलं होतं. पाहुण्यांना मी ते कधी सांगितलं नाही.

आळीत कुणाच्या घरी बाळ जन्मलं की प्रत्येक घरानं एक जुनं मऊ कापड द्यायचं आणि बायकांनी मिळून त्या बाळाची वाकळ शिवायची, अशी रीत होती. आमच्या शेजारी एक कन्नड बोलणारं घर होतं. तिथली सून माझ्या बायकोला अक्का म्हणायची आणि वाकळीला कौदी म्हणायची. तिला मुलगा झाला. महिनाभरानं आमच्याकडं पाहुणे आले, मी ट्रंक उघडली, तर सदरा नाही.

पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवून आलो. मग विचारलं.

"सदरा कुठाय?"

"वाकळंत घातला की. शेजारच्या बाळाच्या."

"त्यावर रक्त हुतं."

"लई घट्ट बसलं हुतं वं. रिठ्यात भिजत घातला तवा निघालं सगळं. कापूस कसा मऊ झालता!"

ती खूश होती. कापड चांगलं निघालं म्हणून खूश होती. तिच्या लेखी तो जुना सदरा होता, आणि जुनं कापड वाकळीत जातं.

"माझं रक्त त्येंच्या पोराच्या ढुंगणाखाली?" मी म्हणालो.

"बाळ हाय वं ते," ती म्हणाली.

पुढचं मी इतकी वर्षं स्वतःलाही वेगळं सांगत आलो. पाठीत मारायला गेलो, तिनं हात मधे घातला, असं. तसं झालं नाही. मी तिला केसाला धरून दारापर्यंत ओढलं. तिचा उजवा हात मनगटाला धरून उंबऱ्यावर ठेवला, कोपरावर गुडघा दिला आणि खोऱ्याच्या दांड्यानं बोटांवर मारलं. पुन्हा मारलं. भुईमुगाच्या शेंगा पायाखाली याव्यात तसा आवाज आला. मी प्यालेलो नव्हतो. सुई कुठल्या हातात असते हे मला माहीत होतं. त्या दिवशी ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी मी तिला हाडं बसवणाऱ्याकडं नेलं. हात पावासारखा फुगला होता.

"पाटा पडला," मी म्हणालो.

"आडवा पडला का उभा?" त्यानं विचारलं.

"आडवा."

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. तिच्याकडं बघत एकेक बोट ओढलं आणि कामट्या लावून बांधलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत.

दसऱ्याच्या आधी आमच्याकडं घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. त्या वर्षी आळीतल्या बायका वाकळा घेऊन ओढ्यावर गेल्या होत्या. भिजलेली वाकळ दोघींनी उचलायची म्हटली तरी उचलत नाही, इतकी जड होते. मी शेताकडं निघालो होतो. त्यांच्या जवळून जाताना एकीनं हाक मारली.

"भावजी, त्यो पाटा कुठं ठिवलाय वं?"

"का?"

"बघाया याचं हाय आमास्नी. फुटला न्हाय न्हवं त्यो?"

दुसरी म्हणाली, "फुटतोय कशाचा! हळदकुंकू लावून पूजंला ठिवला असंल."

सगळ्या हसल्या. मी शिवी दिली. तिच्या आईवरून, वाईट. ती शिवी पुरी होण्याआधी मागून माझ्या अंगावर भिजलेली वाकळ पडली. मी गुडघ्यावर आलो. वाकळीचा कुबट वास, तोंडात पाणी, सगळा अंधार, आणि वरून धोपटणी. धुणं बडवायची ती लाकडी धोपटणी कुणाच्या हातात होती ते मला दिसलं नाही. धुणं बडवताना येतो तेवढाच आवाज येत होता. मी आधी शिव्या दिल्या, मग 'आई गं' म्हणालो, मग नुसता श्वास घ्यायचं बघत होतो. माझी बरगडी गेली, पुढचा दात पडला. थांबल्यावर एकीनं वाकळ ओढून घेतली आणि म्हणाली, "पिळाय धर गं त्या अंगानं." माझ्याकडं कुणी बघितलं नाही. त्या वाकळ पिळायला लागल्या.

फौंड्रीत मी गाडी घसरली म्हणून सांगितलं. म्हणजे एका घरात दोन खोटी दुखणी झाली, तिचा पाटा आणि माझी गाडी.

तुम्हाला वाटेल मी सुधारलो. नाही. बरगडी बरी होईपर्यंत थांबलो एवढंच. तिचा हात मोडला म्हणजे आता ती घरातच बसणार, याचं मला समाधानसुद्धा होतं. एक दिवस कामावरून लवकर आलो तर घराला कडी. मी तसाच समाजमंदिराकडं गेलो, तिला केसाला धरून घरी आणायचं ठरवून.

सोप्यात वाकळ पसरली होती आणि ती एका कडेला बसली होती. मी चपला न काढता वाकळीवर पाय देऊन सरळ तिच्याकडं निघालो. कडेला एक म्हातारी बसली होती, सगळ्यांत थोरली, माझ्या आईच्या वयाची. ती जागची उठली नाही. मी जवळून जाताना तिनं हातातली वाकळ शिवायची लांब सुई माझ्या पावलात घुसवली. सरळ, टाका घालावा तशी. मी तिथंच थांबलो. पाय उचलला असता तर सुई पावलातच मोडली असती.

"वाकळीवर चपला घालून येऊ नी रं बाबा," म्हातारी म्हणाली.

चपलेच्या पट्ट्यामधून रक्त वाकळीवर गळलं. एकजण म्हणाली, "बघा, पुन्यांदा रिठा आणाय पायजे." कुणीतरी फिसकन हसलं.

तेव्हा मी खाली बघितलं, कारण दुसरीकडं बघता येत नव्हतं. बायको डाव्या मुठीत सुई धरून शिवत होती. उजव्या हाताचा नुसता तळवा कापडावर दाबून ठेवला होता. तिचे टाके तिरके येत होते, वेडेवाकडे, एकमेकांवर कललेले. बाकी तीन बाजूंना सरळ ओळी होत्या. एका हातची वाकळ दिसली पाहिजे, तर तिची बाजू उसवावी लागणार होती. तिलाही ते दिसत होतं. ती मान वर करत नव्हती.

म्हातारीनं माझ्या पावलातली सुई ओढून काढली, पदराला पुसली आणि आपलीच ओळ उसवायला लागली. सगळी उसवली. मग सुई मुद्दाम वाकडी धरून पहिला टाका तिरका घातला. नीट आला नाही म्हणून काढला, पुन्हा घातला. तिच्या शेजारचीनं बघितलं आणि आपली ओळ उसवली. मग पुढचीनं. मी लंगडत बाहेर आलो.

त्यानंतर मी तिला मारलं नाही. मी चांगला झालो म्हणून नव्हे. मला त्या सोप्याची भीती वाटायला लागली.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका कॉलेजची मुलगी वाकळा बघायला आली. प्रदर्शनात लावायच्या पाटीवर माहिती लिहायची होती तिला. गटात आता बायको सगळ्यांत थोरली आहे. मुलीनं विचारलं, "आजी, हा तिरका टाका तुमच्याकडं कधीपासून आहे?"

"पयल्यापासनं," बायको म्हणाली.

मुलगी लिहायला लागली, 'शेकडो वर्षांची परंपरा'. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, "तसं नाही बाळ," आणि सांगायला सुरुवात केली. सांगत सांगत उंबऱ्यावर ठेवलेल्या तिच्या हातापर्यंत आलो आणि मला रडू फुटलं. मुलगी उठून माझ्यासाठी पाणी शोधायला लागली. "बसा आजोबा, बसा," म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

बायकोनं सुई खाली ठेवली. "रडत सांगायचं असंल तर सांगू नगासा," ती म्हणाली. "म्हातारा रडाय लागला की लोक त्येलाच पाणी देत्यात."

म्हणून हे लिहून काढलं. मुलीला द्यायच्या आधी काल दुपारी बायकोला वाचून दाखवलं. ती शिवत ऐकत होती. फळवाल्याचं आलं तेव्हा तिनं एकदा वर बघितलं, ते तिलाही माहीत नव्हतं. वाचून संपलं तशी म्हणाली, "एक ऱ्हायलं."

"काय?"

"हात मोडल्यावर तुमी जेवाय मागितलासा."

"मला आठवत नाही."

"मला आठवतंय. मी वाढलं. डाव्या हातानं वाढलं म्हणून तुमी ताट लाथाडलासा."

मला खरंच आठवत नाही. पण तेव्हा मी तसंच केलं असतं, म्हणून ते इथं लिहिलं. तिला पुन्हा वाचून दाखवलं.

"आता द्या तिला," ती म्हणाली.