दोन निंबांचा नमुना

सावली गावच्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी नागपूरच्या बसने माझी हाडे खिळखिळी केली होती. प्रयोगशाळेत पोचताच मी रस्ता, बस आणि पुढ्यात आलेला बिनदुधाचा चहा, तिघांचाही उद्धार केला. विभागप्रमुख प्रा. देवराव निकुरे शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझ्या पेल्यातले चार थेंब परीक्षानळीतल्या जांभळ्या द्रावणात सोडले. हळूहळू जांभळा रंग उडाला.

"रंग जितका उडेल तितके अँटिऑक्सिडंट जास्त, मॅडम. तुमच्या रागावर मात्र या चहात उतारा दिसत नाही."

सर आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. माझा राग शाबूत आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आरोग्याची पावडर डब्यांतून विकणारे लोक आमच्याकडे येऊ लागले आणि शिकलेली माणसे ती मुकाट्याने घेऊ लागली. मी संतापले. सर म्हणाले, "भांडण्यापेक्षा मोजू." ताक, निंबूपाणी, अंबाडीचे सरबत, ती पावडर आणि फाटकाजवळच्या कौसाबाईंचा कोरा चहा, सारे आम्ही मोजले. कौसाबाईंच्या घरी तलावातली मासेमारी. सकाळी त्या मासळी विकत, दुपारी चहा. त्यांचा चहा पहिला आला! मी दोघांच्या नावाने शोधनिबंध लिहिला, नागपूरच्या परिषदेने तो स्वीकारला. वरिष्ठ श्रेणीचा माझा प्रस्ताव त्या एका निबंधावर अडला होता.

आम्ही दोघे कौसाबाईंना बातमी द्यायला गेलो.

"येनारच होता पयला!" त्या खूश होऊन म्हणाल्या. "पत्ती डबल टाकली, वरून दोन निंबं पिरली."

लिंबाच्या रसानेही रंग उडतो. सरांनी लगेच विचारले, "बाई, रोजची चाय काऊन नाई दिली?"

"रोजची गिऱ्हाइकाले. तुमी तं तपासाले नेत होते. नापास झाली असती तं?"

नमुना मागताना "चांगला द्या, तपासायचा आहे" असे मीच बजावले होते. तरी वाटेत मी म्हणाले, "सर, कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलं ना, मॅडम."

त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात लिहिले, 'नमुना घेण्यातील चूक माझी.' माझे नाव त्यात कुठेही नव्हते. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र रोज दुपारी गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभे राहून साधा चहा घेत, मोजत आणि आकडे माझ्या टेबलावर ठेवत. सोळाव्या दिवशी मी ते वाचले. अंबाडीचे सरबत पहिले, साधा चहा दुसरा, पावडर शेवटी. पुढच्या वर्षी निबंध वाचला गेला, श्रेणीही मिळाली. कौसाबाईंना निकाल सांगितला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बिना निंबाची दुसरी? मंग चांगलीच हाय!"

सरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव समितीने मला 'सरांविषयी काहीतरी खास' लिहायला सांगितले होते. मी साफ नकार दिला. वर दिले आहेत ते रोजचे सर. वरून काही पिळलेले नाही.

सर, आपण निरोगी राहावे, शंभरी सहज ओलांडावी. आणि मी तक्रार करू लागले की माझ्या पेल्यातले चार थेंब पूर्वीसारखेच खुशाल काढून घ्यावेत.