नात्याचा रकाना

“मॅडम, एकानं ‘होय’ लिहिलंय,” जेलचे लिपिक फोनवर म्हणाले. फॉर्ममधून साप निघाल्यासारखा आवाज होता त्यांचा.

मी तेव्हा कारागृह विभागाच्या मुख्यालयात होते. आमच्या शाखेला आधी आस्थापना म्हणत. पुढे पाटी बदलली आणि आम्ही एचआर सेल झालो. खुर्च्या त्याच, फायली त्याच. कर्मचाऱ्यांच्या बदल्या, रजा, बढत्या यांचे नियम आम्ही लिहायचो. माझं मराठी बरं आहे असा समज असल्यामुळे बहुतेक मसुदे माझ्याच गळ्यात पडायचे.

त्या वर्षी एक नवी पॉलिसी आली होती. रक्षकाचा नातेवाईक त्याच्याच जेलमध्ये बंदी म्हणून आला, तर रक्षकाची लांब बदली. बंदी म्हणजे कैदी. आमच्या कागदांवर हाच शब्द चालतो. नियमात तसं काही चुकीचं नव्हतं. भाऊ आत असला की आधी तंबाखूची पुडी आत जाते, मग मोबाइल जातो. म्हणून प्रत्येक रक्षकाकडून फॉर्म भरून घ्यायचा होता: ‘या कारागृहात आपल्या नात्यातील कोणी बंदी आहे काय? होय / नाही.’ हे वाक्य माझं. त्यावर मी दोन दिवस घालवले होते आणि मनातून खूश होते.

सगळीकडून ‘नाही’ येत होतं. ‘होय’ आलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहानशा जेलमधून. रक्षकाचं नाव भागवत, राहणार गोरेगाव. बंद्याचं नाव किसन, वय सत्तरच्या पुढे. बांधावरच्या मारामारीत आत आलेला, खटला अजून चालू. नात्याच्या रकान्यात भागवतनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘चुलता’.

मी फाईल साहेबांकडे नेली.

“बदली टाका. कोकणात जागा आहे,” ते म्हणाले.

“सर, चुलता म्हणतोय, पण दोघांची आडनावं वेगळी आहेत. एकदा जाऊन बघते.”

“सही त्याचीच आहे ना?”

“हो.”

“मग बघायचं काय त्यात? बरं, जा. दोन दिवसांत रिपोर्ट द्या.”

जेलच्या ऑफिसात भागवत माझ्यासमोर उभा राहिला. चाळिशीचा माणूस, टोपी काखेत धरलेली. दोनदा सांगूनही बसला नाही.

“किसन तुमचे सख्खे चुलते?”

“न्हाई मॅडम. गावनात्यानं. माझ्या बापाचे जोडीदार. लहानपणापासून आमी काकाच म्हणून राहिलो.”

गावनातं मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याही गावात शेजारचा शिंपी माझा मामा होता. पण फॉर्म लिहिताना मी मुख्यालयातल्या खुर्चीत बसले होते आणि तिथे कोणी कोणाचा मामा नसतो. एकूण, मला हायसं वाटलं.

“मग सोपं आहे,” मी म्हटलं. “दुसरा फॉर्म देते. ‘नाही’वर खूण करा, सही करा. विषय संपला.”

त्यानं फॉर्म घेतला, वाचला आणि टेबलावर परत ठेवला.

“मॅडम, बाप गेला तवा मी अकरावीत होतो. भरतीसाठी पहाटं सेनगावच्या सडकेनं पळायचो. काका मागं सायकलवर. मी थांबलो की घंटी वाजवायचे. त्या पळण्यावर ही वर्दी भेटली. आता कागदावर कसं लिहू, ह्ये माझे कोणी न्हाईत म्हणून?”

“बदली कोकणात होईल. घरी कोण कोण आहे?”

“माय हाय. अर्ध्या अंगावरून वारं गेलंय तिच्या. उचलून बसवावं लागतं, अन् बायकोला एकटीला उचलत न्हाई. म्हणून ड्यूटी सुटली की रोज जीपनं गोरेगावला जातो.”

“मग?”

“तकलीफ हुईल,” तो म्हणाला. “पण न्हाई कसं लिहू?”

मला राग आला. आधी त्याच्या हट्टाचा आला, मग माझ्याच वाक्याचा. ज्याचा सख्खा मेहुणा आत असेल तो डोळ्याची पापणी न हलवता ‘नाही’ लिहून मोकळा होणार, आणि हा बाबा खरं लिहून कोकणात जाणार.

नियमात एक पोटकलम होतं. नात्याबद्दल शंका असेल तर बंद्याचाही जबाब घ्यावा. जबाब म्हणजे माणूस बोलेल ते तसंच लिहून घ्यायचं आणि खाली त्याची सही. मी भागवतला बाहेर पाठवलं आणि किसनला बोलावलं.

“बाबा, भागवत तुमचे कोण?”

म्हाताऱ्यानं उलट मलाच विचारलं, “काहून इचारता? त्यानं काई केलं का?”

“काही नाही. नियम आहे.”

“माझ्यासाठी वायलं काई केलं न्हाई त्यानं. बराबर सगळ्यांसारखी भाकर, सगळ्यांसारखं पाणी.” मग म्हणाला, “व्हय म्हणलं तर काय हुईल?”

हे सांगायचं नसतं. मी सांगितलं. “त्यांची बदली होईल. लांब.”

“अन् त्याच्या मायचं?”

त्यानं दाराकडे एकदा पाहिलं.

“लिहा मंग. ह्यो माझा कोणी न्हाई.”

लिपिकानं लिहिलं, वाचून दाखवलं. किसननं अंगठा उमटवला आणि शाई धोतराला पुसत म्हणाला, “बाई, ह्ये त्याला दावू नका. मनाला लागंल त्याच्या.”

इतक्या वर्षांत मी शेकडो जबाब पाहिले. डोळ्यात पाणी आलं ते त्या एकालाच.

‘रक्ताचे किंवा विवाहाचे नाते नाही. बदलीची आवश्यकता नाही,’ असा रिपोर्ट दिला. साहेबांनी सही करताना विचारलं, “मग त्यानं ‘होय’ का लिहिलं?”

“प्रश्न मीच चुकीचा विचारला होता, सर.”

त्या आठवड्यात फॉर्म बदलला. ‘नात्यातील’च्या जागी ‘रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्यातील’ असं आलं. नियम लिहिणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, नातं विचारताना कोणतं ते नीट विचारा. नाहीतर खरं बोलणारा तेवढा सापडतो.

बदली होणार नसल्याचा आदेश पोहोचल्यावर भागवतचा फोन आला.

“मॅडम, काकानं जबाबात काय सांगितलं? त्यांना इचारलं तर म्हणले, मॅडमला इचार.”

“तुम्हाला जबाबाची प्रत मिळू शकते. अर्ज करा.”

फोनवर त्याच्या मागे जेलच्या फाटकाचा आवाज येत होता.

“न्हाई मॅडम, ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “काय सांगितलं आसंल ते म्हाईत हाय मला.”

मी निवृत्त होईपर्यंत त्या प्रतीसाठी अर्ज आला नाही.