पोटातल्या गरिबांचा कैवारी

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या पोटाची चौकशी करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आमच्या ह्यांचे मामा. निजामाच्या राज्यात ते भूमच्या शफाखान्यात, म्हणजे सरकारी दवाखान्यात, कंपाउंडर होते. लग्न होऊन आले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वादाआधी त्यांनी विचारलं, "सूनबाई, कोठा साफ असतोय न्हवं?" मी लाजेनं अर्धमेली झाले. सासूबाई म्हणाल्या, "मनावर घेऊ नको गं. माझा भाऊ तहसीलदाराला बी हेच इचारतोय."

धाराशिवच्या एका डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दह्याचा थेंब दाखवला होता, आणि तिथूनच ते बिघडले, असं घरचे म्हणत. "पोटात चांगले जंतू बी असतेत," ते सांगत, "गरीब बिचारे, गुमान आपलं काम करतेत. वाईट जंतू शिरले की त्यांची जागा बळकावतेत. तोल गेला की माणूस आडवा!" या गरिबांची बाजू घेऊन ते गावभर भांडत. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला नखं दाखवायला लावत. बाजारातला भजीवाला त्यांना लांबून पाहताच टोपलीवर फडकं टाकी आणि आपणहून ओरडे, "आज पोट बेस हाय, मामा!" परगावी जाताना कपड्यांचं विसरतील, पण विरजणाचं गाडगं ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर असायचंच. लोक हसत, आम्हीही हसायचो.

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या उन्हाळ्यात गावोगाव लुटालूट-जाळपोळीची धास्ती पसरली आणि आम्ही बैलगाडीतून सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलो. बायकांनी दागिने पोटाशी धरले होते, मामांनी गाडगं. छावणीत एकच विहीर. आठ दिवसांत पाणी बिघडलं आणि राहुटी-राहुटीत हगवण लागली. माझी दोन वर्षांची कुसुम त्यात सापडली. छावणीतल्या डॉक्टरांच्या औषधानं हगवण आटोक्यात आली, पण पोरीच्या पोटात काही ठरेना. दूध दिलं की उलटी, पेज दिली की जुलाब. तिची मान माझ्या हातावर कलंडायला लागली.

मामा उकिडवे बसून तिचं पोट चाचपत म्हणाले, "वाईटांच्या मागं चांगले बी गेलेत. त्यांना परत आणाया पायजे." डॉक्टरांनी ताकाला हरकत घेतली नाही. गाडग्यात विरजण होतं, दूध मात्र नव्हतं. मग ज्या लोकांना त्यांनी आयुष्यभर नखांवरून बोल लावले, त्यांच्याच राहुट्यांपुढं मामा वाटी घेऊन उभे राहिले. भजीवाल्यानं आपल्या शेळीचं दूध पिळून दिलं. "हात धुतलेत, मामा," तो म्हणाला. मामांनी पहिल्यांदाच त्याची नखं पाहिली नाहीत.

दूध उकळून, विरजून, पातळ ताक करून ते चमच्या-चमच्यानं पोरीच्या ओठाला लावत. मध्ये उकळून गार केलेलं मीठ-गुळाचं पाणी. मी झोपले तरी ते जागचे हलत नसत. "घे गं बाय, एक घोट. तुझ्या पोटातल्या गरिबांसाठी." चौथ्या दिवशी कुसुम डोळे उघडून म्हणाली, "भाकल." मामा झटकन उठून बाहेर गेले आणि बैलाच्या आडोशाला, आमच्याकडं पाठ करून, बराच वेळ उभे राहिले. परत आले ते नाक पुसतच. "भाकर न्हाय. आधी भाताची पेज," म्हणाले.

पुढं राज्य बदललं, आम्ही गावी परतलो, आणि दोनेक वर्षांत मामा गेले. कुसुमला आता नातवंडं आहेत. तिला त्यांचा चेहरा आठवत नाही. मी सांगू लागले की ती हसते, म्हणते, "आई, खरंच असा माणूस होता?"

होता गं. तुझ्या उशाशीच बसला होता.