दोन पायांचे दोन फर्मे

सेलूचे बूट-कारागीर दिगंबरराव, म्हणजे आम्हां सर्वांचे अण्णा, यांची नि माझी पहिली भेट व्यवहाराची होती. मी तेव्हा एका चामड्याच्या व्यापाऱ्याकडे फिरता विक्रेता होतो. अण्णांनी माझे चामडे उन्हात नेले, वाकवले आणि वर उमटलेल्या सुरकुत्या पाहिल्या. "हे पोटाकडचं हाय, सैल पडतं. पाठीकडचं आणा," म्हणत त्यांनी गठ्ठा परत बांधून दिला. पुढे माझी नोकरी सुटली, तेव्हा मी त्यांच्याच दुकानात काम शिकायला गेलो. आज अण्णा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि मी अजून तिथेच आहे.

अण्णांचा स्वभाव गोड आहे असे म्हणता येणार नाही. घाईच्या गिऱ्हाइकाला ते दारातूनच वाटेला लावतात. हाताने शिवलेला तळ, चामड्याचे थर बसवून केलेली टाच आणि आत शेळीच्या मऊ कातड्याचे अस्तर, यांत ते तडजोड करीत नाहीत.

राणीसावरगावचे ऊसतोड कामगार सर्जेराव यांच्या उजव्या पायावरून उसाच्या ट्रॉलीचे चाक गेले होते. पुढचा अर्धा पाय काढावा लागला. मुलीचे लग्न ठरले, तर ते मंडपात यायलाच तयार होईनात. शेवटी त्यांच्या पत्नी गिरिजाबाई त्यांना दुकानात घेऊन आल्या.

"लंगडा बाप लोकांनी कशाला बघायचा?" सर्जेराव म्हणाले.

अण्णा खाली बसले आणि त्यांनी तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बूट ज्यावर बेततात तो लाकडी फर्मा त्यांनी प्रत्येक पायासाठी वेगळा तासला. पण बूट घालून सर्जेराव थोडे चालले, तर उजव्या मोज्यावर रक्त आले. शिवण नेमकी जखमेच्या वणावर येत होती. लग्न तोंडावर आले होते.

"राहू द्या अण्णा, कापूस घालून भागवतो."

"कापूस दबतो, मग पाय पुढं सरकतो. काढा बूट."

अण्णांनी तो उजवा बूट सगळा उसवला. शिवण बाजूला घेतली, पुढची पोकळी चामड्याच्या थरांनी भरली आणि पुन्हा शिवला. बाहेरून दोन्ही बूट सारखेच दिसत होते.

लग्नाला आम्ही दोघे गेलो होतो. व्याहीभेटीला सर्जेराव मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत चालत गेले. त्यांच्या पायांकडे कुणी पाहिले नाही. गिरिजाबाईंनी मात्र पदराने डोळे पुसले. अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "उजवी टाच बाहेरून दबायलीय. लग्न उरकलं की त्यांना दुकानावर बोलवा."

डॉक्टरांनी अण्णांना रोज सकाळी फिरायला सांगितले आहे. ते जात नाहीत. या गौरवग्रंथाच्या निमित्ताने आमचे त्यांच्याकडे एवढेच मागणे आहे, की त्यांनी डॉक्टरांचे ऐकावे, गुडघे सांभाळावेत आणि शंभरीच्या सत्काराला घरून चालत यावे.