मस्कतमध्ये वाचलेलं पत्र

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — घोरणं, भित्रेपणा, परीक्षेत एकदा केलेली कॉपी, अगदी लग्नाआधी कुणाच्या दारावरून उगाच सायकल नेत होतो तेसुद्धा. पण हे नाही. का नाही सांगितलं? माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो — मी लेखक नाही. वसमतला आणि धरणाकडच्या आमच्या गावात लोक मला लेखक म्हणतात. शाळेच्या कार्यक्रमाला बोलावतात, शाल घालतात, नारळ देतात. नको म्हणायला मी तोंड उघडतो आणि आभार मानून खाली बसतो. दर वेळी असंच होतं.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. घरी मेंढरं, थोड्या शेळ्या आणि त्याहून थोडी शेती. दादा मेंढरांमागं आणि मी शाळेमागं, अशी वाटणी वडिलांनी लहानपणीच करून टाकलेली. डिप्लोमा झाला, दोन वर्षं रिकामा हिंडलो आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला वायरिंगच्या कामावर मस्कतला गेलो. एका खोलीत आठ जण. तेलुगू, मल्याळी, एक बिहारचा, एक नेपाळी. माणसं चांगली होती हो, पण मराठी एकही नाही. दिवसभर तोडकंमोडकं हिंदी. दोन-तीन महिन्यांत मला एकट्यानं बोलायची सवय लागली. जिन्यात उभा राहून मी नसलेल्या मेंढरांना हाका मारायचो. हसू नका. नाहीतर हसा, माझं काय जातंय.

मग एके दिवशी एका किराणा दुकानाच्या दारावर चिकटवलेला कागद दिसला. आधी नुसती देवनागरी अक्षरं दिसली, मजकूर मागाहून कळला. मराठीत लिहिणाऱ्यांनी शुक्रवारी सकाळी अमुक घरी जमावं, असं होतं. मी कुठं लिहिणारा? मी मराठी ऐकायला गेलो. कुणी झाडू मारायला बोलावलं असतं तरी गेलो असतो.

घर लिमये काकूंचं. काकू पुण्यातल्या निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहायला आलेल्या. दहा-बारा माणसं जमायची — डॉक्टर, बँकवाले, त्यांच्या बायका. त्यांचं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं. "आमी हिंगोलीकडून येऊन राहिलो," हे माझं तिथलं पहिलं वाक्य. कुणीतरी हसलं. वाईट नव्हतं ते हसणं. पण त्यानंतर मी प्रत्येक वाक्य मनात धुऊन मग तोंडाबाहेर काढू लागलो. तेव्हा हिंगोली जिल्हाही झाला नव्हता, परभणी म्हणावं लागे — आणि परभणीसुद्धा त्यातल्या निम्म्यांना नकाशात शोधावी लागली असती.

त्या शुक्रवारच्या लेखनवर्गाचा एक नियम होता. तीन शुक्रवार काही वाचलं नाही, तर चौथ्या शुक्रवारपासून चहा करायचा, वाचेपर्यंत. गमतीचा नियम. मी पाच शुक्रवार चहा केला. चांगला करायचो. एका डॉक्टरीणबाईंनी दुसरा कप मागताना मला "अहो चहा" अशी हाक मारली. सगळे हसले, मीही हसलो. मला लागलं का ते? लागलं. पण त्या बाईंवर हे ढकलायचं नाही, असं मी ठरवून बसलोय. त्यांनी फक्त चहा मागितला होता.

आता वहिनीबद्दल सांगतो. घरून पत्र यायचं ते आई सांगायची आणि वहिनी लिहायची. वहिनी सातवी शिकलेली, घरात तेवढीच एक लिहिती बाई. दादा वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठाकाठानं हिंडायचा, शेतकरी खतासाठी बोलावतील त्या शेतात मेंढरं बसवायचा. आईचं सांगणं अर्ध्या पानात संपायचं — आम्ही खुशाल, तू जेवत जा, फोटो पाठव. खाली अर्धं पान उरायचं. कोरी जागा परदेशात कशाला पाठवायची, म्हणून वहिनी ती आपल्या मनानं भरायची. हळद शिजवायच्या दिवसांत गावभर कसा वास असतो, दादाच्या सदऱ्याला लोकरीचा वास किती धुतला तरी कसा राहतो, असलं काहीबाही. मी ते वाचायचो आणि पत्र उशीखाली ठेवायचो.

मी चहा करत होतो त्या महिन्याच्या पत्रात एका मेंढीबद्दल होतं. मेंढी व्याली, पण कोकराला जवळ येऊ देईना. लाथ मारायची. वहिनी रोज दोन वेळा तिचा पाय धरून बसायची, म्हणजे कोकराला कासेला लागता यावं. तिनं लिहिलं होतं — ही आई झाली आणि हिला आई व्हायचं न्हाई. मी पाय धरते तर तिला राग येतो, मला बी येतो. कोकरू दोघींवर रागवत न्हाई, ते नुसतं पितं. आज अकरा दिवस झाले, अजून घेतलं न्हाई. बघू.

दादा-वहिनीच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते पान वाचताना माझ्या डोक्यात काय आलं असेल? वहिनी बरी आहे ना, हे नाही. माझ्या डोक्यात आलं — हे शुक्रवारी वाचता येईल.

खरंच सांगतो, घरून आलेलं पत्र म्हणूनच वाचणार होतो. तसं आधी सांगायचं ठरवलंही होतं. पण कागद उघडला आणि एकदम सुरू केलं. कुठं काय बदलायचं ते वाचता वाचता बदलत गेलो, बाईच्या जागी पुरुष बसवला. संपलं. लिमये काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि विचारलं, हे तुम्ही लिहिलंत? मी मान हलवली. बस. एवढंच. तोंडानं खोटं बोललो नाही, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मान काय दुसऱ्या कुणाची होती?

त्या शुक्रवारपासून चहा दुसऱ्या कुणाकडे गेला. आणि मी वहिनीला लिहिलं — सविस्तर लिहीत जा, मला इकडं बरं वाटतं. खोटं नव्हतं ते. बरं वाटायचंच. तिला किती आनंद झाला, ते पुढच्या पत्रांच्या जाडीवरून कळत होतं. आजवर तिला कुणी म्हटलंच नव्हतं की लिही म्हणून. आमच्या साइटवर वसमतचा एक फिटर होता, तो सुट्टीवरून येताना तिची पाकिटं आणायचा. मी त्यातलं निवडायचो, स्वच्छ कागदावर उतरवायचो, वाचायचो. पुरुष असून बाईच्या नजरेनं किती नेमकं पाहतात, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मी खाली बघायचो. त्याला लोक नम्रता म्हणायचे.

मग महाराष्ट्रातून एक लेखक दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायला आले. त्यांनी मेंढीची गोष्ट ऐकली आणि म्हणाले, उत्तम आहे, फक्त शेवट अर्धवट सोडलाय. वाचकाला थोडा उजेड द्या. मी दिला. बाराव्या दिवशी मेंढी कोकराला आपणहून चाटू लागते, असं लिहिलं. ती दोन वाक्यं तेवढी माझी. गावी कोकराचं काय झालं, हे मी कुठल्याच पत्रात विचारलं नव्हतं. त्या लेखकांनी ते पुण्याच्या एका मासिकात दिलं आणि ते माझ्या नावानं छापून आलं.

पण मी कबूल करायला बसलोय ते हे नाही. एवढं तर सांगता येतं. पुढचं आहे ते —

दोन हजार सालच्या आसपास सुट्टीवर घरी आलो. मी लेखकांच्यात उठतो-बसतो हे घरी माहीत होतं, मीच लिहिलं होतं. छापून आल्याचं मात्र कळवलं नव्हतं. दुपारी जेवण झाल्यावर वहिनीनं एक जाडजूड वही आणली. पत्रात टाकण्याआधी ती वहीत लिहून बघायची, हे मला तेव्हा कळलं. शाळेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की नांदेडहून निघणाऱ्या एका मासिकाला खेड्यातल्या बायकांचं लेखन हवंय. वही माझ्यासमोर ठेवून ती भिंतीला टेकून बसली. तिचं बोलणं मला शब्द न् शब्द आठवतं.

"भावजी, तुमी शिकलेल्या माणसांत बसता. खरं सांगा, हे छापायच्या लायकीचं हाय का?"

मी पानं उलटली. पहिल्याच पानांत ती मेंढी होती. सगळं होतं — मस्कतमध्ये ज्यावर बायकांनी डोळे टिपले ते सगळं, तिच्या वळणदार अक्षरात. पंख्याचा आवाज येत होता. आई झोपली होती. मी बराच वेळ वाचल्यासारखं केलं.

"वैनी, पत्र म्हणून बराबर हाय," मी म्हणालो, "पण याला लेखन म्हणत न्हाईत."

असं बोललो. हे मी बोललो, वाचकहो.

पकडला जाईन ही भीती होती, हे तर उघड आहे. पण नांदेडचं ते मासिक मस्कतपर्यंत कुठलं जाणार? मग आणखी काय होतं? मी खूप शोधलंय, सापडतं ते मला आवडत नाही. मला वाटतं, मला तिनं लिहिणारी व्हायला नको होतं. घरात ती एकच जागा आहे आणि तिथं मी बसलोय, असं काहीतरी. की तेही नंतर सुचलेलं कारण आहे? माझा गुंता अजून सुटलेला नाही. ती एवढंच म्हणाली, बरं झालं सांगितलं, उगं हसं झालं असतं. वही उचलली आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली. चेहरा कसा होता, ते मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं.

त्यानंतर घरची पत्रं यायची ती आईच्या सांगण्याइतकीच. खाली अर्धं पान कोरं. पुढं गावात फोन आला आणि पत्रंही थांबली. वर्गात मी मग जुनंच घोळवून वाचत राहिलो. कामाचा व्याप वाढला म्हणून लिहिणं होत नाही, असं सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. काही वर्षांनी कायमचा परत आलो, वसमतला दुकान टाकलं. तोवर ते पुण्याचं मासिक तिथल्या वाचनालयात कुणाच्या तरी हाती लागलं होतं, आणि मी लेखक झालो होतो.

गावच्या शाळेनं पाहुणा म्हणून बोलावलं, ती गोष्ट याच्या पुढची. गुरुजींनी मला आधी काही सांगितलं नव्हतं. शाल घालून झाली आणि सातवीतली एक मुलगी पुढं आली, मासिकातलं पान हातात घेऊन. आता पाहुण्यांनी लिहिलेली गोष्ट वाचते, म्हणाली. बायकांच्या ओळीत वहिनी बसली होती. मी मुलीकडेच बघत राहिलो. पाय धरून बसायचं आलं, कोकरू रागवत नाही ते आलं, मग माझी दोन वाक्यं आली. टाळ्या झाल्या. मी बायकांकडे पाहिलं, तर वहिनीही वाजवत होती.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी आणि मी घरी निघालो. पोरीनं चांगलं वाचलं, असं ती म्हणाली. हो, मी म्हणालो. मग तिच्या चपलेत खडा गेला. ती थांबली, माझा दंड धरून एका पायावर उभी राहिली, चप्पल झटकता झटकता खालीच बघत म्हणाली,

"त्या मेंढीनं घेतलंच न्हवतं कोकरू, भावजी. मी शेळीच्या दुधावर जगवलं त्याला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी करता आलं असतं. मी म्हणालो, "व्हय का?" जसं काही आम्ही खरंच एका मेंढीबद्दलच बोलत होतो. व्हय, ती म्हणाली. तिनं चप्पल घातली, माझा दंड सोडला, आणि आम्ही घरी आलो.