विहाराजवळचा फळा

इंदोरा वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून एक लहानसं वाचनालय होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर देवराव रोज सकाळी ताज्या बातम्या लिहीत. ते गिरणीत कामाला होते. रात्रशाळेत शिकले, तेही लग्न झाल्यावर. वर्तमानपत्रातले भारदस्त शब्द त्यांना फार आवडत. त्यांच्या बापाला शाळेच्या ओट्यावरही कोणी बसू दिलं नव्हतं. त्यामुळे ‘अध्यादेश’, ‘तत्संबंधी’ असं काही फळ्यावर उमटलं, की देवराव दोन पावलं मागे सरकत आणि धुतलेला सदरा घातल्यासारखे त्याच्याकडे पाहत.

शाळेत जाणारी पोरं फळ्यापाशी थांबत आणि एका सुरात सगळं वाचून काढत. शेजारच्या कांताबाईची तारा, चौथीतली, सगळ्यांत पुढे असे. जोडाक्षरावरसुद्धा ती अडखळत नसे. देवरावांना त्याचं मोठं कौतुक वाटे.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या एप्रिलात ऊन असं तापलं, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसेना. एका सकाळी देवरावांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘उष्णतेच्या तीव्र लाटेमुळे प्राथमिक शाळांचे अध्यापन अनिश्चित काळासाठी स्थगित.’ पोरांनी ते नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचलं आणि निघून गेली.

दुपारपाळीला सायकलवरून जाताना देवराव शाळेपाशी आले, तर फाटकाला कुलूप आणि भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत दहा-बारा पोरं दाटीवाटीनं बसलेली. बाई यायच्या आहेत, असं ती सांगत होती. तारा एका बाजूला कलंडली होती, तिचं अंग भाजत होतं. देवरावांनी गमछा भिजवून तिच्या डोक्याला गुंडाळला, तिला सायकलच्या दांडीवर बसवलं, बाकीच्यांना घरी पिटाळलं आणि पाळी सोडून परतले.

कांताबाईनं कैरीचं पन्हं केलं. दोन घोट पोटात गेल्यावर पोरीनं डोळे उघडले. देवराव खाटेशी टेकले.

“काहून वं तारा, सकाळी फळा नाही वाचला का?”

“वाचला ना, काका.” आणि तिनं ते अख्खं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, एकही अक्षर न चुकता.

“मंग शाळेत काहून गेली?”

“शाळेचं लिवलं होतं. मले वाटलं, आज शाळेत कायतरी मोठं हाये.”

कांताबाईनं देवरावांना दोष दिला नाही, उलट पोरीला घरी आणल्याबद्दल चार चांगले शब्द बोलली. त्यामुळे त्यांना आणखीच कसंतरी झालं. घरी जाऊन त्यांनी सुभद्राला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मेहनतीनं मिळवलेले शब्द आहेत, पण त्या लेकराचं अजून शिकणं व्हायचं आहे.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ आली: ‘ऊन फार आहे. शाळा बंद आहे. घरीच राहा.’

वाचनालयात बसणाऱ्या आनंदरावांना ते पसंत पडलं नाही. फळा बालवाडीचा झाला, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. देवरावांना ते लागलं, कारण त्यांच्याही मनात तेच होतं. पण तारा बरी होऊन यायला लागली, तसे ते लिहिण्याआधी बातमी तिला वाचून दाखवू लागले. तिनं ती तिच्या बोलीत सांगायची. कुठं गाडी अडली, की तो शब्द बदलायचा, किंवा तसाच ठेवून त्याचा अर्थ खाली द्यायचा. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की पोरं पहिली ओळ धरतात, ओळखीची नावं धरतात आणि मधलं सगळं अंदाजानं भरून काढतात. मग महत्त्वाची गोष्ट ते सगळ्यांत वर लिहू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांनी वस्तीत यायच्या नळाची बातमी तिला वाचून दाखवली: नळाचा प्रश्न विचाराधीन आहे. म्हणजे साहेब लोक विचार करून राहिले आहेत, असं समजावूनही सांगितलं.

तारानं विचारलं, “काका, मांगच्या साली बी विचारच करत होते ना? मंग नळ येते का नाही येत?”

तिला न कळलेले शब्द देवराव वर्षभर वेचत आले होते. आज तिला सगळं कळलं होतं आणि कागदावर जे नव्हतं, तेही तिनं वाचलं होतं.

“नाही येत, बाई,” ते हळूच म्हणाले. “अजून तरी नाही.”

आणि त्यांनी फळ्यावर सगळ्यांत वर तेच लिहिलं: ‘नळ अजून आला नाही. विचारायला हवं.’

त्या दिवशी पोरांनी ते घरोघरी जाऊन सांगितलं. संध्याकाळी विहारापुढे बाया जमल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, पण बातमी प्रत्येकीला पाठ होती. उद्या कचेरीत कोणी बोलायचं, यावरून त्यांची बोलाचाली चालली होती आणि आनंदराव आपणहून अर्ज लिहून द्यायला बसले होते.